शेवटची बाई उशिरा वळते

डहाणूला मी हौसेनं गेले नाही, मला हाकललं. हाकलणारी माझी भागीदार नंदिनी. आम्हा दोघींचा पुण्यात छोटासा स्टुडिओ आहे. जाहिरातींसाठी, मालिकांच्या सुरुवातीच्या नावांसाठी आम्ही हलती चित्रं करतो. म्हणजे ती माणसं सांभाळते आणि मी चित्रं हलवते. वीस वर्षं हलवतेय. आणि त्या आठवड्यात एका गृहस्थांनी मला फोनवर शांतपणे सांगितलं, "मॅडम, हलतंय सगळं, पण जीव नाहीये."

हे गृहस्थ चिकूचे चिप्स विकतात. चिकू डहाणूचा, ऑफिस मुंबईचं. त्यांना जाहिरातीच्या सुरुवातीला बारा सेकंदांचं चित्र हवं होतं. वारली पद्धतीची पांढरी माणसं तारपा नावाच्या वाद्याच्या सुरावर गोल नाचतायत आणि मधोमध त्यांचा लोगो, म्हणजे एक हसरा चिकू. मी ते करून दिलं. तीनदा करून दिलं. तिन्ही वेळा तेच वाक्य. चौथा खर्डा सोमवारी सकाळी अकराला दाखवायचा, तोही पडला तर काम दुसऱ्या कोणाकडे, हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की फोन ठेवल्यावर मी माऊस भिंतीवर फेकला. माऊस गेला. नंदिनी म्हणाली, "आता तू जा बाई. जिथला नाच काढतेयस ते गाव तरी बघून ये. इथं बसून स्टुडिओ फोडू नकोस."

खरं सांगायचं तर काम जाण्याची भीती नव्हती एवढी. एक गेलं की दुसरं येतं. भीती ही होती की ते गृहस्थ खरं बोलत असावेत. बेचाळिसाव्या वर्षी हातातलं संपलं की काय, असं वाटायला लागलं होतं आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

गुरुवार, मसोली

गाडीतलं काही सांगत नाही, झोपले होते. डहाणू रोड स्टेशनला लागूनच मसोली आहे, तिथं हेमलताबेन म्हणून एक बाई घरातली एक खोली पाहुण्यांना देतात. घरात गुजराती, बाहेर मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. त्यांनी चहा पुढं करत विचारलं, "बेन, फिरायला आल्या की कामाला?"

"कामालाच. जरा प्रेरणा मिळते का बघायला."

"इथं?" त्या मनापासून चकित झाल्या. "मी तीस वर्षं राहते, मला तर चिकूच मिळाले."

फिरायला त्यांनी त्यांच्या ओळखीचे रिक्षावाले दिले, रमणभाऊ. पन्नाशीचे, मूळचे रानशेतचे, मिशी आखीव. मी काय शोधतेय हे त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि ती जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली. मग ठरावीक अंतरावर रिक्षा थांबायची. "ताई, हे घ्या." एक अर्धवट पूल. "हे बघा ताई, याच्यातून काय तरी निघेल." एका शौचालयाच्या भिंतीवर काढलेली वारली चित्रं. डहाणूत भिंत दिसली की त्यावर ती चित्रं आहेतच. बँक, शाळा, पाण्याची टाकी, काही सुटलेलं नाही. आणि सगळीकडे तो गोल नाच. मला माझा खर्डा दर वळणावर भेटत होता, त्यामुळे दुपारपर्यंत माझं डोकं उठलं.

समुद्रावर मात्र बरं वाटलं. सुरूची झाडं, ओहोटीला लांब गेलेलं पाणी, आणि कोळीवाड्याच्या बाजूला बांबूच्या मांडवांवर ओळीनं वाळत टाकलेले बोंबील. जोडीजोडीनं तोंडात तोंड अडकवून लटकवलेले, काय सुंदर ओळी! मी डिझायनर माणूस, मला ती अक्षरं दिसायला लागली. गुडघ्यावर बसून मी फोटो काढत सुटले. मागून आवाज आला, "ओ बाई, फोटो काढता नि घेत नाय काय?"

कमरेवर हात ठेवून एक कोळीण उभी होती. मी म्हटलं, "मी कामासाठी फोटो काढतेय."

"मी पन कामासाठीच सुकवलेत."

मी पाकीट काढलं. अर्धा किलो घेतले. पिशवी दुसरी नव्हती, म्हणून लॅपटॉपच्या बॅगेत टाकले, बाहेरच्या कप्प्यात, दोन कागदांत गुंडाळून. ही या प्रवासातली पहिली चूक, आणि वासाच्या बाबतीत सगळ्यात टिकाऊ. संध्याकाळी हेमलताबेननी दारातच नाक मुरडलं आणि माझी बॅग अंगणात, तुळशीपासून लांब ठेवायला लावली. त्या शाकाहारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवार, रानशेत

रमणभाऊंची बहीण सखू रानशेतला राहते आणि वाडीत चिकू निवडायच्या कामाला जाते. रमणभाऊ मला तिच्याकडे घेऊन गेले, कारण त्यांच्या मते चिकूची जाहिरात करणाऱ्यानं चिकू बघितलेला असावा. हा विचार पुण्यात आम्हाला सुचला नव्हता.

बायका ढिगाभोवती बसल्या होत्या आणि चिकू आकाराप्रमाणे वेगळे करत होत्या. मोठा इकडे, मधला तिकडे, बारका मागे. सखू माझ्याशी बोलत होती, जावेच्या तक्रारी सांगत होती, मध्येच कोणाला तरी हाका मारत होती, आणि हात आपला चालूच. एकदाही खाली बघत नव्हती. मीही बसले. डोळे बारीक करून एकेक चिकू निरखत, माप घेत, मोठ्या अभिमानानं वाटणी केली. सखूनं माझे तिन्ही ढीग एकत्र केले आणि पुन्हा निवडले.

"अगं, काय चुकलं?"

"डोळ्यानं नको बघू, ताई. हातात घे, हात सांगतो."

मला जरा रागच आला. डोळ्यांवर पोट असलेल्या बाईला असं सांगतात का? दुपारी तिनं तांदळाची भाकरी, उडदाची आमटी आणि लाल मिरचीची चटणी वाढली. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना "घ्या हो, घ्या ना" असा गजर चालतो. सखूनं काही विचारलं नाही. ताटात भाकरी संपली की दुसरी यायची. चौथीला मी हात आडवा धरला, तर ती म्हणाली, "हात काढ, भाजेल." हात काढला. चौथीही खाल्ली.

जेवताना रमणभाऊ म्हणाले, "ताई, तुमचा तो नाच एकदा मामाला दाखवू. देवजीमामा. तलासरीच्या पुढं, डोंगराकडं पाडा हाय त्याचा. अख्खं आयुष्य तारपा वाजवला त्यानं."

मी लगेच हो म्हटलं. मनात मांडे खात होते, हे कबूल करते. चिप्सवाल्याला नाही कळलं तर नाही कळलं, पण खऱ्या तारपकऱ्याला माझं काम दाखवायचं! तो म्हाताराबुवा डोळ्यांत पाणी आणून बघेल, मी त्याचा व्हिडिओ घेईन आणि सोमवारी चिप्सवाल्याच्या तोंडावर मारीन. इथवर माझी तयारी झाली होती.

शनिवार, तलासरी

निघताना सखूही रिक्षात बसली, मामाला भेटायला. सोबत चिकूची गोणी. हायवेवर तलासरीच्या अलीकडे रमणभाऊंनी उंबाडियू खायला थांबवलं. माठात कंद, रताळी, पापडी, हिरवा मसाला आणि रानातला पाला घालून माठ उलटा ठेवतात आणि वरून जाळ करतात. पाणी नाही, तेलाचं बोटही नाही. मी दोन प्लेट खाल्ल्या आणि सोबतच्या चटणीनं कान गरम करून घेतले. विकणारे काका गुजराती बोलत होते, रमणभाऊ मराठी, सखू आपल्या घरच्या बोलीत. तिघांचं भांडण चिंचेच्या चटणीवरून रंगलं आणि तिघांनाही एकमेकांचा शब्द न् शब्द कळत होता.

तलासरी मागे टाकून डोंगराकडे वळलो. भात कापून झालं होतं. खळ्यांवर पेंढ्याच्या उंच उडव्या रचलेल्या, कुडाच्या भिंती नुकत्याच सारवलेल्या. देवजीबाबा ओटीवर तारपा घेऊन बसले होते. सत्तरीचे असतील, अंगात क्रिकेटची निळी जर्सी. तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा. एका सांध्यावर बाबा मेण दाबत होते. रमणभाऊंनी माझी ओळख करून दिली, "मामा, ह्या ताई पुण्याच्या. ह्यांनी आपला नाच काढलाय, हलता."

बाबांनी मान हलवली. मी लॅपटॉप काढला. बॅग उघडताक्षणी घरातलं मांजर कुठूनसं येऊन बॅगेवर बसलं. सखू म्हणाली, "ताई, तुझ्या कंप्युटरला बोंबलाचा वास येतो."

मी ऐकलं न ऐकलंसं करून चित्र लावलं. चोवीस माणसं, गोल रिंगण, मधोमध हसरा चिकू. बारा सेकंद झाले. पुन्हा सुरू झालं. बाबा बघत होते. पुन्हा सुरू झालं. आठव्यांदा सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, "कवा थांबल?"

"थांबत नाही बाबा, फिरतच राहतं. तसं मुद्दाम करतात."

"मंग ही जेवाला कवा बसतील?"

सखूनं पदर तोंडाला लावला. मी मनात म्हटलं, जुन्या माणसांना लूप कुठून कळणार. पण बाबांचं बघून झालं नव्हतं.

"सगली एकसारकी हायत. एकाच आईची काय?"

एकच माणूस काढून मी त्याच्या चोवीस नकला केल्या होत्या. आमच्या धंद्यात सगळेच करतात. पण हे त्या ओटीवर बसून सांगवेना.

"आन पुढं कोण हाय?"

"गोल आहे ना बाबा, पुढं-मागं कोणी नाही."

"मंग वळवल कोण यांना?" बाबांनी पडद्याजवळ बोट नेलं. "तारपावाला कुठं?"

तारपावाला डाव्या कोपऱ्यात खाली होता, रिंगणाच्या बाहेर. मधल्या जागेवर लोगो बसवायचा म्हणून मीच त्याला सरकवलं होतं. बाबांचं बोट एकेका आकृतीवर फिरायला लागलं. "हिची पाठ तारप्याला. ह्याची पाठ. हिची पन." अर्धं रिंगण मोजून झाल्यावर त्यांनी लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हातानं अलगद मिटलं. "तारप्याला पाठ नाय देत, बाय."

रागावले असते तर मी परत रागावून मोकळी झाले असते. पण ते हळू बोलले. एखाद्या आजाऱ्याला समजवावं तसं. कान इतके तापले की उंबाडियूची चटणी परवडली. आणि मग माझा स्वभाव आडवा आला. मी फाडकन बोलले, "मग तुम्ही वाजवून दाखवा ना! मी काय स्वप्नात बघणार होते?"

रमणभाऊंनी जीभ चावली. बाबांनी मात्र माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"बघाला नाय वाजवत मी. नाचाला वाजवतो. नाचशील?"

ऊन कललं तशी शेतावरची माणसं खळ्यात जमली. दहा-बारा जण, बायका-पुरुष दोन्ही. बाबा मधोमध उभे राहिले आणि तारपा वाजू लागला. त्याचा आवाज कानानं ऐकू येतो खरा, पण आधी छातीत सुरू होतो. बाबांचा जावई लखमा घुंगरांची काठी घेऊन सगळ्यात पुढे; त्याच्यामागे एकमेकांच्या कमरेला हात घालून रांग. सगळ्यात शेवटी सखू, आणि सखूच्या मागे मी. चपला काढायला लावल्या. रांगेचं वळण खळ्याबाहेर शेतात जायचं, तिथं कापलेल्या भाताची बुडखी पायाला काय टोचतात ते लिहून कळणार नाही.

मी खाली पायांकडे बघत, मनात एक-दोन-तीन मोजत चालले होते. तेवढ्यात सूर बदलला म्हणे. मला काही कळलं नाही. लखमा वळला, त्याच्यामागचा वळला, मग त्याच्यामागची, ते वळण रांगेतून सरसरत आलं, सखू वळली, आणि मी सरळ गेले. पेंढ्याच्या उडवीत. छातीपर्यंत.

आख्खं खळं हसलं. बाबांनी वाजवणं थांबवलं नाही, फक्त भुवया वर केल्या. रमणभाऊंनी मला ओढून काढलं आणि डोक्यावरचा पेंढा झटकत विचारलं, "ताई, लागलं नाय ना?" लागलं होतं, पण वेगळ्या ठिकाणी. मी पुन्हा सखूच्या कमरेला हात घातला.

दुसऱ्यांदा उडवी चुकवली आणि मांजरावर पाय देता देता वाचले. तिसऱ्यांदा सखू मागे न बघताच ओरडली, "पाय नको बघू! माझा अंग बघ, हातानं!" मी वर बघितलं. समोर बाबा होते. रांगेतल्या प्रत्येकाचं तोंड त्यांच्याकडेच होतं. आणि मग मला ते हाताला लागलं. सूर बदलला की आधी लखमाची काठी वाजते, मग कुठंतरी लांब रांग कलते, मग सखूच्या कमरेत एक बारीकसा हिसका येतो, आणि तो आला की वळायचं. मी सगळ्यात शेवटी वळत होते. आणि शेवटी वळणाऱ्याला सगळ्यात जास्त पळावं लागतं.

माझी चोवीस माणसं एकाच क्षणी, एकदम पाऊल उचलत होती. कोणी कोणाकडून काही घेत नव्हतं, कोणी कोणाला काही देत नव्हतं. वीस वर्षं मी हे करतेय आणि हे मला बुडख्यांवर अनवाणी पळताना कळावं! मला रडू आलं. पण नाचताना थांबून रडायची सोय नसते, त्यामुळे तशीच पळत राहिले आणि दम लागला म्हणून तोंड लाल झालंय असं सगळ्यांना वाटलं.

तारपा थांबला तेव्हा सगळे जिथं होते तिथंच मटकन बसले. बाबा म्हणाले, "आता जेवा." सखूनं माझ्या बॅगेवरचं मांजर उचललं, बोंबील काढले आणि निखाऱ्यावर भाजले. भाकरीबरोबर ते इतके अप्रतिम लागले की त्या कोळणीला मनातल्या मनात नमस्कार केला. निघायच्या आधी बाबांना विचारून तारप्याचा सूर रेकॉर्ड केला. त्यांनी एकच अट घातली, चित्राच्या शेवटी त्यांचं नाव यायला हवं, आणि ते मोठ्या अक्षरात.

रविवार, मसोली

दिवसभर खोलीत बसून होते. चोवीस नकला पुसल्या. बाराच माणसं काढली, प्रत्येक वेगळं. लखमाची काठी, सखूचा खोचलेला पदर, पोट पुढे काढून नाचणारा एक काका. मधोमध बाबा. आणि चिप्सवाल्यांचा चिकू? तो तासभर हातात घेऊन बसले. मग त्याला दोन बारीक पाय काढले आणि रांगेच्या शेवटी नेऊन उभा केला. सूर बदलतो, वळण एकेकातून सरकत येतं, आणि चिकूपर्यंत पोचेस्तोवर चिकू भलतीकडे, थेट पेंढ्याच्या उडवीकडे निघालेला असतो.

हेमलताबेन चार वाजता चहा घेऊन आल्या. बोंबलाच्या वासामुळे उंबऱ्यावरूनच कप पुढं केला, आणि पडद्याकडे नजर गेली तशा किंचाळल्या, "बेन, आ चिकू पडशे! पडेल तो!"

चहा सांडला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या एखाद्या चित्राला कोणी शेवटचं कधी सावरायला धावलं होतं, मला आठवेना. त्या वास विसरून आत आल्या आणि तो पुढे सावरतो का हे बघेपर्यंत हलल्या नाहीत. शेवटी तारपा थांबतो, सगळे जेवायला बसतात, चिकू सगळ्यात शेवटी बसतो. "हां," हेमलताबेन म्हणाल्या, "आता ठीक."

सोमवार, अकरा वाजता

खोलीच्या खिडकीत रेंज येते, तिथं उभी राहून मी चिप्सवाल्यांना फोन लावला आणि चित्र पाठवलं. पलीकडे तारपा वाजला. थांबला.

"मॅडम, लोगो मध्ये नाहीये."

"नाही सर."

"का?"

"मध्ये तारपावाला असतो. त्याला कोणी पाठ देत नाही. तुमचा चिकू नाचायला आलाय, तर तो रांगेत उभा राहील."

पलीकडे पुन्हा तारपा वाजला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मला त्यांच्या हसण्याचा आवाज आला. चिकू बहुतेक उडवीत गेला असावा. मी डोळे मिटून घेतले.

"पास, मॅडम. एकदम पास. फक्त तो चिकू सगळ्यांच्या मागून वळतो, तेवढी चूक दुरुस्त करून पाठवा."

दुरुस्त करून पाठवा म्हटलं की तासाभरात दुरुस्त करून पाठवणं, हे मी वीस वर्षं केलंय. नंदिनी तर माझं नावच दुरुस्ती ठेवणार होती. पण तोंडातून निघून गेलं, "नाही करणार सर. तो नवीन आहे."

पलीकडे चौथ्यांदा तारपा वाजला. मग ते म्हणाले, "बरं. राहू दे."

पुण्याला येऊन आता आठवडा झाला. लॅपटॉपचा वास अजून गेलेला नाही, नंदिनी माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसते. चित्र मी रमणभाऊंना पाठवलं होतं, आणि काल त्यांचा फोन आला. ते पाड्यावर होते, बाबांना दाखवायला मुद्दाम गेलेले. फोनमधून तारप्याचा सूर ऐकू आला, मग सखूचं हसू, मग पुन्हा पहिल्यापासून सूर. शेवटी बाबांचा आवाज आला.

"बरा केलास. जेवाला बसवलास, ते लय बरा केलास."

"नाव दिसलं ना बाबा? मोठ्या अक्षरात?"

"दिसला. पोरांनी वाचून दाखवला." मग त्यांनी विचारलं, "बाय, हा शेवटी कोण नाचतो?"

"चिकू आहे बाबा तो. त्यांच्या कंपनीचा."

"चिकू कशाला सांगतेस?" बाबा म्हणाले. "तू हायस ती. पाय वळखला मी."